मफलरखालचा श्वास

काकूंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला दारातच अडवून विचारलं, "हे मशीन बोलतं का गं?" मी म्हटलं, बोलत नाही, ऐकतं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग बरंय. बोलायला मी आहेच."

मी मनात म्हटलं, झालं, आता लवकर सुटका नाही. माझा धंदा घरोघरी फिरण्याचा आहे, आणि आजारी माणसाच्या घरात बोलायला आसुसलेलं एक तरी माणूस असतंच. ते बहुधा आजारी माणूस नसतं. मी तशी तुसडी बाई आहे. ऑफिसात मला समोर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की कडू कारलं म्हणतात, आणि दोन्ही मला चालतात. काम करावं, निघावं, घरी येऊन आपलं आपण जेवावं असा माझा शिरस्ता. घरी वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे उशीर झाला तर कारणं द्यावी लागत नाहीत.

आमचं ऑफिस घरी झोपून असलेल्या रुग्णांच्या श्वासावर लक्ष ठेवतं. रुग्णाच्या गळ्यावर, श्वासनळीच्या जरा बाजूला, कोटाच्या बटणाएवढी एक चकती चिकटवायची. तिच्यात बारीक मायक्रोफोन असतो. हवा आत-बाहेर जाताना नळीत जो आवाज होतो तो ही चकती ऐकते आणि वायरीतून एका डबीला कळवते. डबी त्याचा आकडा करते आणि तो आमच्या पडद्यावर पाठवते. आकडा बिघडला किंवा श्वास अडखळला की त्या घराची चौकट लाल होते, आणि आम्ही फोन करतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या साहेबांना मात्र त्याला दूरस्थ सेवा म्हटलेलं आवडतं. मी सकाळी घरांमध्ये जाऊन मशिनं लावते आणि दुपारी पडद्यासमोर बसून तीच मशिनं बघते.

काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. डोळे तेवढे हलत. झोप लागली की त्यांचा श्वास मध्येच थांबे, आणि कोणी हलवलं की पुन्हा सुरू होई. मशीन येण्याआधी हलवणाऱ्या काकूच होत्या. काकांच्या छातीवर तळहात ठेवून त्या शेजारी पडून राहत. छाती वर आली नाही की त्यांना आपोआप जाग येई. त्या खोलीत दोन पलंग एकाला एक चिकटवून ठेवले होते, आणि मधली फट बुजवायला जुनी रजई गुंडाळून खुपसलेली होती. रजई अगदी हाताखाली येईल अशी होती.

आमच्यात एक पद्धत आहे. मशीन रुग्णाला लावायच्या आधी ते स्वतःच्या गळ्यावर लावून बघायचं. धडधाकट माणसाचा आकडा नीट आला, तर मशीन नीट. मग रुग्णाचा आकडा कसाही येवो, दोष मशीनवर ढकलता येत नाही. मी चकती माझ्या गळ्यावर दाबली, डबीवर आकडा उमटला. काकू चष्मा सावरून बघत होत्या.

"आता माझा बघ की," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काकू, हा काय खेळ आहे का. पण त्यांनी मान वर करून गळा पुढे केलासुद्धा. म्हटलं, म्हातारीचं मन कशाला मोडा. लावली चकती. डबीवर पंधराचा आकडा आला. त्यांनी विचारलं, चांगलाय का? मी म्हटलं, उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे.

"बरं," काकू म्हणाल्या. "कोणी विचारलंच नव्हतं इतक्यात."

मग काकांच्या गळ्यावरची बोटभर जागा काकूंनी स्वतः वस्तऱ्याने भादरली, कारण केसांवर चकती टिकत नाही. दाढी करण्यात त्यांचा हात इतका बसलेला होता की काकांनी डोळेही मिटले नाहीत. ही जागा एक दिवसाआड अशीच साफ ठेवायची, हे मी त्यांना बजावून सांगितलं. शेवटी डबीवरचे दिवे समजावले. हिरवा असला की सगळं ठीक, लाल लागला की गडबड, तेव्हा डबी शिट्टीही वाजवते. आणि कोणी दुरून हा आकडा उघडून बघत असेल, तर निळा लागतो.

"दुरून म्हणजे कोण?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, आम्ही, आणि तुमचा मुलगा. त्याने त्याच्या फोनवर घेतलंय हे. तिकडे बसल्या बसल्या त्याला वडिलांचा श्वास दिसेल.

मुलगा लांब होता. विमानाने अख्खा दिवस खर्ची घालावा एवढा लांब. मशीन त्यानेच घ्यायला लावलं होतं, भाडंही तोच भरत होता. कर्तव्यात कसूर नाही. काकूंनी निळ्या दिव्याच्या त्या छोट्याशा काचेकडे असं बघितलं, जसं एखाद्या बंद दाराकडे बघावं. तो दिवा तेव्हा विझलेला होता.

इथून पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, काही फोनवर आणि काही नंतर. मशीन येण्याआधी मुलाचा रोज फोन येई. बाबा कसे आहेत, झोपले का, गिळतायत का. मग तोंडी लावायला म्हणून तू कशी आहेस. फार काही नाही, पण येई. मशीन आल्यावर तो आठवड्यावर गेला, आणि मग आठवडाही लांबायला लागला. त्यात त्या पोराचं चुकलं असं काकू कधी म्हणाल्या नाहीत. विचारायचं होतं ते त्याला फोनच्या पडद्यावर दिसत होतं, मग विचारायचं काय? मशीन कानामागून आलं आणि तिखट झालं.

त्याच सुमाराला काकूंच्या घराची चौकट वारंवार लाल व्हायला लागली. मी फोन केला की काकू पहिल्याच घंटेला उचलायच्या. चकती सुटली होती, लावली पुन्हा, असं म्हणायच्या. आणि मग मला सोडायच्या नाहीत. मी जेवले का, कुठे राहते, डब्यात काय आणते, भाजीवाला हल्ली जून भेंड्या गळ्यात मारतो, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराला नवी घंटा बसवलीय आणि ती आपल्याच घरात वाजल्यासारखी वाटते. मी हूं हूं करत दुसऱ्या चौकटी बघत असे. एकदा मी हिशोब जुळवला. चकती सुटायची ती नेहमी माझी पाळी असताना, दुपारची, जेवणाची वेळ टळल्यावर. चिकट पट्टीला घड्याळ कळत नाही.

मी रागावले. म्हटलं, काकू, तुम्ही मुद्दाम काढता. लांडगा आला रे आला असं रोज केलंत, तर खरा लांडगा येईल तेव्हा आम्ही चहा पीत बसू. काकांच्या जिवाशी खेळ आहे हा. मग त्या म्हणाल्या, बरं, नाही काढणार. आणि खरंच त्यांनी शब्द पाळला. चौकट लाल व्हायची थांबली.

खरं सांगायचं तर दोन-चार दिवस मलाच दुपार मोठी वाटायला लागली.

पण पुढे काकांचे आकडे सुधारले. आधी ते अडखळत चालायचे, आता चौदा, पंधरा, सोळा असे सरळ चालायला लागले. डॉक्टरांनी आमच्याकडून आलेख मागवून घेतले आणि औषध लागू पडलं म्हणून खूश झाले. मुलाचा ऑफिसात आभाराचा फोन आला. वडिलांचे आकडे बघून तो घाबरला होता, तिकीट काढून बसला होता. आता धोका टळलाय म्हटल्यावर त्याने येणं पुढे ढकललं. पुढे म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि कौतुक झालं की मला संशय येतो.

मी तो आलेख मोठा करून बघितला. रात्रीचा सरळ होता. दिवसा मात्र त्यात जागोजागी भोकं होती. आमच्या चकतीची एक खोड आहे. माणूस बोलायला लागला की बोलण्याच्या आवाजात तिला श्वास सापडत नाही, मग ती मोजणं सोडून देते. आलेखात अशी भोकं दिसली की आम्ही ओळखतो, रुग्ण गप्पा मारतोय. काकांच्या आलेखात सबंध दुपार भोकं होती. बोलणं, थोडं थांबणं, पुन्हा बोलणं.

काकांना वाचा आली! इतक्या वर्षांत मी आलेखात माणसं बिघडताना पुष्कळ बघितली होती, उलटं होताना कधी बघितलं नव्हतं. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याची जाहिरात केली असती, म्हणून गप्प बसले. म्हटलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघू. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकली आणि न कळवता त्यांच्याकडे गेले. जाताना कधी नव्हे ती फुलं घेतली.

दार काकूंनी उघडलं. ऐन उकाड्यात त्यांच्या गळ्याला लोकरी मफलर होता. काकूंना घाम आला होता, आणि मला बघून आणखी आला. घसा धरलाय म्हणाल्या. मी आत गेले. काका पलंगावर होते तसेच होते. मी त्यांना हाक मारली, कसं वाटतंय विचारलं. त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले. ओठ हलले नाहीत. उशीजवळ डबी नव्हती. आणि गळ्यावरच्या त्या बोटभर जागेत पांढरे खुंट चांगले वाढलेले होते. त्या जागेला कित्येक दिवसांत वस्तरा लागला नव्हता, चकतीही नाही.

मी वळून काकूंकडे बघितलं. मफलरच्या खालून एक बारीक वायर निघून कमरेच्या पिशवीत गेली होती.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला काही कळतं का, नवऱ्याच्या आकड्याच्या जागी स्वतःचा आकडा चालवलात, डॉक्टर त्यावर औषधं ठरवतायत, एखाद्या रात्री ह्यांचा श्वास थांबला असता आणि आमच्या पडद्यावर तुमचाच छान आकडा चालत राहिला असता. मी बोलत होते आणि हातातली फुलं हलवत होते, हे मला नंतर कळलं. काकूंनी ती हळूच माझ्या हातातून काढून घेतली आणि तांब्यात ठेवली.

"ह्यांचा मला कळतो गं," त्या म्हणाल्या. "मशीन नव्हतं तेव्हा कोण बघत होतं? आताही हात असतोच माझा. एक रात्र चुकले नाही."

मी म्हटलं, मग हे कशासाठी?

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मफलर सोडला. चकतीभोवतीची कातडी उकाड्याने लाल झाली होती. पिशवीतून डबी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि त्या निळ्या काचेवर बोट टेकवलं.

"हा लागतो ना अधूनमधून, तेव्हा तो बघत असतो. कामातून वेळ काढून बघतो. आधी ह्यांचा बघायचा. मग म्हटलं, बघतोच आहे तर थोडे दिवस माझा बघू दे. त्याला कळत नाही, पण मला कळतं ना. दिवा लागला की मी बोलते त्याच्याशी. काय जेवले, काय नाही. ऐकू जात नाही ते ठाऊक आहे मला. वेडी नाहीये मी."

मी तिथेच दुसऱ्या पलंगावर बसले. तो निळा दिवा कोणी बघितल्यावर लागतो ते मला माहीत होतं. आकडे तपासायला मी दुपारभर अधूनमधून त्यांची चौकट उघडत असे. मुलगा बघत असेलही कधीमधी, पण दुपारचा जो दिवा लागायचा, ज्याच्याशी त्या बोलायच्या, तो बहुतेक मीच होते. हूं हूं करायचीही तसदी न घेता मी त्यांच्या गप्पा ऐकत होते आणि त्या गप्पांना भोकं म्हणत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. दुधाची तहान त्या ताकावर भागवत होत्या, आणि ते ताकही माझ्याच घरचं निघालं.

मी एवढंच विचारलं की त्याने येणं पुढे ढकललं हे तुम्हाला ठाऊक आहे का. काकूंनी मान हलवली. निरोप आला होता. बाबांना बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला, असं त्याने लिहिलं होतं. ते वाचून त्यांना चकती काढावीशी वाटली होती, आणि काढवली नव्हती.

"तो आला तर ह्यांच्यासाठी येणार, गेला तर ह्यांच्यासाठी जाणार. मधले चार दिवस मला मिळाले," काकू म्हणाल्या. आणि मग माझा हात धरून, "त्याला सांगू नकोस हं. आईला खूळ लागलं म्हणेल."

मी कबूल केलं. पण काकांच्या गळ्यावरचे खुंट तिथल्या तिथे काढायला लावले, नवी चकती लावली आणि आकडा बघितला. मघाचा राग त्या क्षणी आटला. आता जागेपणीही श्वास मध्ये थांबत होता, आणि थांबला की फार वेळ थांबत होता. काकूंनी हात ठेवून जे ओळखलं होतं त्यातलं मला काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना ते केव्हाचंच कळलेलं होतं.

डॉक्टरांना कळवलं, आणि मुलाला मीच फोन केला. मधल्या काळातले आकडे धरू नका, चकती चुकीच्या जागी लागली होती, असं सांगितलं. हे काही खोटं नव्हतं. तुम्ही निघा, म्हटलं. तो निघाला.

तो आला आणि काही दिवस राहिला. मी एकदाच गेले, चकत्यांचं नवं पाकीट द्यायला. चांगला होता मुलगा. आईला भांडी घासू देत नव्हता, बाबांची कूस बदलत होता, डॉक्टरांना मोजके आणि नेमके प्रश्न विचारत होता. पण बाबांच्या शेजारी बसला की त्याची नजर फोनवर. फोनवर कोणाशी बोलत नव्हता, तिथे आकडा बघत होता. बाप हाताच्या अंतरावर श्वास घेतोय आणि पोरगा तो फोनमध्ये शोधतोय. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावून दाखवलं आणि हसल्या. मला हसू आलं नाही. दोन्ही डब्यांवर, म्हणजे त्याच्या हातातल्या आणि उशीजवळच्या, दिवे छान चालू होते.

तो असतानाच काका एका सकाळी, अंग पुसून झाल्यावर गेले. मशीनने शिट्टी वाजवली तेव्हा काकूंनी छातीवरचा हात आधीच काढून घेतलेला होता, असं मुलाने मला सांगितलं. ते सांगताना तो एकदाच रडला. मग पुढची कामं उरकून, आईला काय हवं नको ते विचारून तो परत गेला. काकूंनी काही नको सांगितलं. दुसरं काय सांगणार? माणूस हवंय हे मागायची वस्तू नाही.

मशीन न्यायला मी गेले तेव्हा पलंग एकमेकांपासून दूर केलेले होते. दुसऱ्या पलंगावर घडी केलेली रजई तेवढी होती. काकूंनी डबी पुसून, वायर गुंडाळून ठेवली होती. मी पिशवीत टाकायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, हे आता कोणाकडे जाणार. मी म्हटलं, ज्याला गरज आहे त्याच्याकडे. आजारी माणसालाच मिळतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

"मला तर काहीच झालेलं नाही," काकू म्हणाल्या. त्या हे तक्रार केल्यासारखं म्हणाल्या. दारापर्यंत पोचवायला आल्या आणि जिना उतरून मी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की घाईने निघणं हा काही गुण नव्हे.

त्यानंतर मी त्यांना कधी दुपारी फोन करायचे. कारण नसताना. ऑफिसचा फोन, साहेबांचं बिल. काकू तितक्याच आनंदाने बोलायच्या, पण मुलाचा फोन आला का विचारलं की म्हणायच्या, आता त्याला विचारायला तरी काय राहिलं.

मशीन काही दिवस कपाटात पडून होतं. मग एका नव्या रुग्णाकडे ते न्यायचं ठरलं. नियम असा की जुन्या घराचं नाव आधी पुसायचं, मग मशीन स्वतःच्या गळ्यावर तपासायचं. भूक लागली होती, मी क्रम उलटा केला. ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, सगळे जेवायला खाली गेले होते. पडदे विझलेले होते; कोणी हात लावला किंवा चौकट लाल झाली तरच ते उजळतात. मी डबा उघडला, चकती गळ्यावर दाबली, डबी टेबलावर ठेवली आणि आकडा यायची वाट बघत पहिला घास घेतला.

डबीवरचा निळा दिवा लागला.

मी हातातला घास खाली ठेवला. कोणीतरी बघत होतं. आमच्याकडून कोणी नाही, आमचे पडदे काळे होते. म्हणजे तोच. मशीन सुरू झाल्याची वर्दी त्याच्या फोनवर गेली असणार आणि त्याने उघडून बघितलं असणार. म्हणजे तो खरंच बघायचा. काकूंचं म्हणणं सगळंच काही खुळं नव्हतं. दिवा विझत नव्हता. मी हलले नाही. माझा श्वास कोणी इतका वेळ बघत बसण्याची मला सवय नाही, आणि कबूल करायला हरकत नाही, मी तो जरा नीट घ्यायला लागले.

मग ऑफिसचा फोन वाजला. त्याचाच होता. आवाज खाली होता, कोणी ऐकेल की काय असा.

"आईने मशीन लावून घेतलंय का?" त्याने विचारलं. "आकडा दिसतोय म्हणून विचारतो. तिला काही होत नाहीये ना? ठीक वाटतोय ना श्वास?"

मी शांतपणे सांगू शकले असते. मशीन इथे आहे, नाव पुसायचं राहिलं, क्षमस्व. साहेबांनी आम्हाला तेच शिकवलंय. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारा तो माणूस, आईची खुशाली विचारायला परक्या बाईला फोन करतो, आणि आई त्याच वेळी दोन खोल्यांत एकटी बसलेली, हे एकदम माझ्या डोक्यात गेलं.

"तो माझा श्वास आहे," मी म्हटलं. "मी मशीन तपासतेय. आणि मधे तुमच्या वडिलांचे आकडे सुधारले होते ना, तो श्वास तुमच्या आईचा होता. तुम्ही बघावं म्हणून तिने चकती स्वतःच्या गळ्याला लावून वर उकाड्यात मफलर गुंडाळला होता. तुमचा दिवा लागला की ती तुमच्याशी बोलायची."

काकूंना दिलेला शब्द मी मोडला होता. मोडलाच होता, तर अर्धा कशाला ठेवायचा.

"तुमच्या आईकडे फोन आहे," मी म्हटलं. "तो लावा. त्यात श्वाससुद्धा ऐकू येतो."

त्याने फोन ठेवला. रागावून ठेवला की कसा, ते मला कळलं नाही. त्यापाठोपाठ डबीवरचा निळा दिवाही विझला. मी गळ्यावरची चकती काढली, जुन्या घराचं नाव पुसलं, आणि मग मला भीती वाटली की आता काकूंना काय तोंड दाखवू. म्हटलं, आपणच आधी सांगून मोकळं व्हावं. त्यांचा नंबर लावला. लाईन व्यस्त होती.

डबा खाल्ला, पुन्हा लावला. व्यस्त होती. डबा धुतला, टेबल पुसलं, माणसं जेवून वर आली, पडदे उजळले, आणि मी पुन्हा लावला. तेव्हाही व्यस्तच होती. काकूंना इतका वेळ कोणी दुसरं धरून बसल्याचं हे पहिलंच. मी फोन खाली ठेवला आणि माझ्या चौकटींकडे वळले. त्या दुपारी माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं.